तीन हाकांचा कोंडवाडा

करंजवळात काळ मोजायची रीत वेगळी आहे. एखादी गोष्ट फार वर्षांपूर्वीची आहे असं तुम्ही म्हणालात, तर तिथला माणूस लगेच विचारतो, "गोजाक्काच्या आधीची का नंतरची?" ही गोष्ट आधीची नाही आणि नंतरचीही नाही. ही तिचीच आहे.

तेव्हा ती अक्का नव्हती. नुसती गोजा होती. मेंढरांमागे वाढलेली धनगराची पोर, लग्न होऊन दोन महिने झालेले, आणि सासरी बोलायची इतकं कमी, की तिची सासू ठकूबाई शेजारणीला म्हणाली, "मुकी पोर दिली की काय बाई आमच्या गळ्यात!" गोजानं ते ऐकलं आणि ती गप्प राहिली. त्यामुळे ठकूबाईची खात्रीच पटली.

गोजाचा नवरा रायाजी गावचा कोंडवाडा राखायचा. करंजवळचा कोंडवाडा म्हणजे वेशीबाहेर पुरुषभर उंचीची दगडी गोल भिंत, बाभळीच्या लाकडाचं एक फाटक, आत एक करंजाचं झाड आणि पाण्यासाठी दगडी डोण. भटकलेलं, चुकलेलं, दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर तिथं आणून कोंडायचं. असे कोंडवाडे गावोगाव असतात. पण करंजवळचा कायदा दुसरीकडे कुठं नव्हता. जनावर सोडवायला आलेल्या मालकानं फाटकाबाहेर भिंतीआड उभं राहायचं, तोंड दाखवायचं नाही, आणि हाक मारायची. तीनच वेळा. जनावर हाकेसरशी फाटकाशी आलं तर त्याचं. नाही आलं तर ते गावाचं.

या कायद्यानं भलेभले जागेवर आले होते. असं म्हणतात, एकदा दोन सख्खे भाऊ एका गाईवरून भांडत आले. दोघांनी तीन-तीन हाका मारल्या, गाईनं कान हलवला नाही. तेवढ्यात मागं उभी असलेली थोरल्याची बायको नुसती खाकरली, आणि गाय धावत फाटकाशी आली. पाटलांनी गाय बाईच्या नावावर केली. पुढं ते दोघे भाऊ जन्मभर तिला विचारून ताक प्यायले.

गोजाला सासरचं हे एवढं एक पहिल्या दिवसापासून आवडलं होतं. इथं जनावराला कुणीतरी विचारत होतं.

मग पौषात लढाई आली.

कुणाची लढाई, कशासाठी, ते करंजवळाला कधीच नीट कळलं नाही. नदीच्या वरच्या अंगानं एक फौज आली, खालच्या अंगानं दुसरी आली. गावानं एकीला वरची म्हटलं, दुसरीला खालची म्हटलं. त्याहून जास्त ओळख करून घ्यायची गावाला गरज वाटली नाही आणि फौजांनाही वाटली नाही. गाव डोंगरातल्या घळीत जाऊन बसलं. दोन दिवस तोफांचे आवाज ऐकू येत होते. तिसऱ्या दिवशी सगळं शांत झालं. दोन्ही फौजा दोन-दोन कोस मागं सरल्या आणि गाव खाली आलं.

नदीकाठच्या मोकळ्या रानातून फौजांनी आपापली माणसं उचलून नेली होती, जिवंत होती तीही आणि मेली होती तीही. जनावरं तशीच टाकली होती. पाय मोडलेले घोडे होते, पोटात भाला गेलेली खेचरं होती. तोफेच्या गाड्याला जुंपलेल्या बैलांतला एक मेला होता आणि दुसरा त्याच्या ओझ्यानं मान वाकवून दोन दिवस तसाच उभा होता. छावणीमागं आलेली कुत्री होती, आणि एक उंटही होता. असला प्राणी गावानं तोवर पाहिला नव्हता. पुष्कळांचा जीव गेला होता, पण सगळ्यांचा नाही.

गावातली माणसं खोगीर आणि चामडं गोळा करायला रानात उतरली. गोजा पाण्याची घागर आणि विळा घेऊन उतरली.

ती आधी त्या बैलापाशी गेली. विळ्यानं जुवाची दोरी, जुपणी, कापली, मेलेल्या बैलाचं ओझं मानेवरून उतरवलं. बैल हललाच नाही. ओझं गेलंय हे त्याला अजून कळलं नव्हतं. तिनं ओंजळीनं पाणी त्याच्या नाकपुड्यांना लावलं. मग तो प्याला. असं म्हणतात, तो पाणी प्याला तो आवाज डोंगरापर्यंत ऐकू गेला, आणि रानात जी जी जनावरं पडली होती त्या सगळ्यांनी एकदम मान उचलली.

तिसऱ्या प्रहरापर्यंत अकरा जनावरं कोंडवाड्यात आली. ठकूबाई फाटकात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हे काय चाललंय गं? ही जनावरं फौजंची हायेत!"

"कोंडवाडा भटक्या जनावरांसाठीच हाय ना, आत्याबाई?"

"ही भटकलेली न्हाईत. सरकारची हायेत."

"मग सरकार हुडकत कसं आलं न्हाई?"

दोन महिन्यांत सुनेचं एवढं लांब बोलणं ठकूबाईनं प्रथमच ऐकलं होतं. ती इतकी चकित झाली की बाजूला सरली आणि तेवढ्यात बारावं जनावर आत गेलं.

मेंढराला लांडग्यानं फाडलं की काय करायचं ते गोजाला बापानं शिकवलं होतं. तिनं तेच केलं, फक्त मोठ्या मापानं. जखमेत किडे पडले होते तिथं सीताफळाचा पाला वाटून भरला. करंजाचं तेल आणि हळद लावली. मोडलेल्या पायांना कांडवेलीचा लेप दिला आणि बांबूच्या कामट्यांनी पाय बांधले. बांधायला चिंध्या पुरेनात तेव्हा तिनं लग्नातला शालू फाडला. ठकूबाईनं ते पाहून आकाशपाताळ एक केलं. भरपूर बोलून झाल्यावर ती घरात गेली आणि तिचं स्वतःचं जुनं लुगडं आणून सुनेच्या अंगावर फेकलं. "घे. हे जास्त टिकंल. तुझ्या बापानं दिलेल्या शालूत काय दम न्हाई."

सगळीच वाचली असं नाही. पाठीचा कणा मोडलेली एक घोडी होती. तिला उचलता येईना, म्हणून गोजा रानातच तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि घोडीचा श्वास थांबेपर्यंत उठली नाही. तेवढ्या वेळात दुसरं एखादं वाचलं असतं, असं रायाजी म्हणाला. "आसंल," गोजा म्हणाली.

असं म्हणतात, त्या दिवसांत कोंडवाड्यातल्या करंजाला शेंगांचा मोसम नसताना शेंगा लागल्या आणि जेवढं तेल लागेल तेवढ्याच शेंगा रोज गळायच्या, एक कमी नाही, एक जास्त नाही. असं म्हणतात, ती सात दिवस झोपली नाही. आणि असंही म्हणतात, की वरच्या फौजेचे घोडे आणि खालच्या फौजेचे बैल एकाच डोणीत पाणी पिऊन एकमेकांच्या अंगाला टेकून बसायचे. यातलं शेवटचं तर मला मुळीच नवलाचं वाटत नाही. त्यांना कोण कुठल्या फौजेचं ते कुणी सांगितलंच नव्हतं.

गोजानं मात्र एकाही जनावराला नाव दिलं नाही. "नाव ठेवलं की आपलं होतं," ती म्हणायची. "ह्यांची हाक कुणाकडं तरी असंल." ठकूबाईनं तेवढं मानलं नाही. सगळ्यांकडे वरून बघणाऱ्या आणि न विचारता खाणाऱ्या त्या उंटाला ती मनातल्या मनात जावई म्हणायची, आणि एकदोनदा तिच्या तोंडून ते बाहेरही पडलं.

आठव्या दिवशी खालच्या फौजेचा जमादार तीस माणसं घेऊन वेशीशी आला. त्याचं नाव करंजवळानं लक्षात ठेवलेलं नाही. त्या दिवशीच्या बैलांची नावं गावात लहान पोरंही सांगतात, पण जमादाराचं नाव तुम्हाला कुणीही सांगू शकणार नाही.

तो उंच पांढऱ्या घोड्यावर बसला होता. खाली न उतरताच म्हणाला, "आमची जनावरं सोडा. उद्या तोफा ओढायच्या आहेत."

पाटील हात जोडून पुढे झाले. "जखमी हायेत, सरकार. चार पावलं चालायची न्हाईत."

"चालतील तेवढी चालतील. उरलेली इथंच मारू. वरच्यांच्या हाती लागायला नकोत."

गोजा फाटकाला पाठ लावून उभी होती. हातांना तेल आणि हळद. तिला वाटलं, आता रायाजी काही बोलेल. रायाजी हातातला दोर गुंडाळत राहिला. पाटलांकडे पाहिलं, तर पाटील जमिनीकडे पाहत होते. मग तिच्या ध्यानात आलं की आता तिच्यावाचून बोलायला कुणी उरलेलं नाही.

"न्या की," ती म्हणाली. "भिंतीआड उभं ऱ्हावा आन् हाक मारा. तीनदा. येतील ती तुमची."

जमादार हसला. "जनावरांवर डाग आहे सरकारचा. मागं, पुठ्ठ्यावर. दिसत नाही?"

"डाग कातड्यावर हाय. त्यो त्यांनी मागितला नव्हता."

त्याची माणसं हसू दाबायला लागली, म्हणून जमादाराला हा कायदा मान्य करावा लागला. एका बाईच्या कायद्याला आपण घाबरलो असं त्याला दिसू द्यायचं नव्हतं. तो म्हणाला, "आमच्या जनावरांना कशी हाक मारतात ते बघाच." आणि त्यानं कर्णेकऱ्याला पुढे बोलावलं.

हे गोजाच्या मनात आलं नव्हतं. ही जनावरं कर्ण्यावरच उठायची, कर्ण्यावरच चालायची. कर्ण्याला ती आली, तर कायद्यानं ती द्यावी लागणार होती, कामट्या बांधलेल्या पायांसकट.

कर्णा वाजला. भिंतीमागं एकदम धडपड झाली. मोडल्या पायांचे घोडे उठले, बसलेली खेचरं उठली, कुत्री भुंकायला लागली. जमादारानं मिशीवरून हात फिरवला. पण फाटकाशी कुणी आलं नाही. कर्णा दुसऱ्यांदा वाजला. जनावरं करंजाच्या झाडामागे पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटली. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती एकमेकांच्या अंगात शिरून अशी थरथरत होती, की भिंतीचा एक दगड निसटून बाहेर पडला. उंटानं तेवढी भिंतीवरून मान वर काढली, जमादाराकडे पाहिलं, आणि मान फिरवली.

"झाल्या तीन," ठकूबाई मोठ्यानं म्हणाली.

तेवढ्यात त्या तीस माणसांतला एक म्हातारा पुढे आला. हैबती त्याचं नाव. तोफेच्या गाड्यावरचा बैलवाला. त्यानं कुणाला विचारलं नाही. भिंतीजवळ जाऊन गालाचा घाम पुसला आणि हळूच म्हणाला, "पवळ्या. ए पवळ्या, लेकरा."

जुपणी कापून आणलेला तो पहिला बैल गर्दीतून मागं फिरला. मान अजून सरळ होत नव्हती. तशाच वाकड्या मानेनं तो एकेक पाऊल टाकत आला आणि त्यानं फाटकाच्या फटीतून नाक बाहेर काढलं.

गोजानं फाटक उघडलं. सात दिवस जपलेला बैल तिनं कासऱ्यासकट म्हाताऱ्याच्या हातात दिला, कारण कायदा तिनंच सांगितला होता. "मान वाकडी हाय आजून," ती म्हणाली. "तेल चोळत ऱ्हावा."

"बघा!" जमादार ओरडला. "आला की नाही आमचा बैल! हैबती, घे त्याला. जुंप."

हैबतीनं पवळ्याच्या मानेवरची बांधलेली चिंधी पाहिली. त्याखालची जखमही पाहिली. "सरकार," तो म्हणाला, "हाकेला आला त्यो माझ्या आला. आता ह्यो माझा." आणि बैलाला घेऊन तो कोंडवाड्यात शिरला आणि त्यानं आतून फाटक लावून घेतलं.

जमादाराचा चेहरा काळवंडला. "उद्या सकाळी सगळ्या तोफा घेऊन येतो," तो म्हणाला. "ही भिंतही राहणार नाही आणि हे गावही राहणार नाही. हाका मारा मग." आणि त्यानं घोडा वळवला.

त्या दिवशी पाटलांच्या ओसरीवर पुरुष बसले. जनावरं देऊन टाकू, असं पुष्कळांचं मत पडलं. जनावरं काही गावाची नाहीत. त्यांच्यासाठी घरं का जाळून घ्यायची? बोलणं खोटं नव्हतं, आणि गोजालाही ते खोटं वाटलं नाही. घरं जळाली तर पोरंबाळं कुठं जातील, हे तीही विचारत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "ज्याला द्यायची त्यानं यावं आन् सोताच्या हातानं एकेक बाहेर काढावं. मी आडवणार न्हाई."

दोघेतिघे उठले. कोंडवाड्यापर्यंत गेलेही. तिथं त्यांच्याच बायका जखमा धूत बसल्या होत्या. ते तसेच परत आले आणि पाटलांना म्हणाले, "घळीत जाऊन बसू. घरं काय, परत बांधू."

पण सकाळी घळीत कुणी गेलं नाही. का गेलं नाही, हे करंजवळात अजून कुणाला सांगता येत नाही.

सूर्य कासराभर वर आला आणि खालची फौज आली. धुळीचा लोटच आला. पुढे तोफा, तोफांना सहा-सहा जोड्या बैल, मागे घोडदळ. गावाच्या शिवेवरच्या कोरड्या ओढ्यापर्यंत फौज आली. आणि असं म्हणतात, की पहिल्या तोफेची पहिली जोडी ओढ्यात पाय घालायच्या ऐवजी खाली बसली. तिच्या मागची बसली. मग तिच्या मागची. चाबूक उडाले, शेपट्या पिरगाळल्या, पराण्या टोचल्या. एकही बैल उठला नाही. मग घोडे बसले. घोडा असा पाय दुमडून बसत नाही, हे जनावरांतलं कळणारा कुणीही सांगेल. तरी ते बसले. सगळी फौज पायांवर उभी राहिली आणि सगळी जनावरं बसली.

कुणी म्हणतं, आदल्या दिवशी कोंडवाड्यात जे घडलं ते जनावरांनी जनावरांना सांगितलं होतं. कुणी म्हणतं, शिवेवरची देवी आडवी आली. गोजाला नंतर कितीतरी जणांनी विचारलं. ती म्हणायची, "तीन दिस कुणी पाणी दावलं न्हवतं त्यांना. दुसरं काय?"

त्या सकाळीही तिनं एवढंच पाहिलं. घागर उचलून ती चालायला लागली, तेव्हा रायाजीनं तिचा हात धरला.

"कुठं निघालीस?"

"बैल बसलेत. तहानलेत."

"आगं, ती आपलं गाव जाळायला आलीत!"

"बैल न्हाई आले," गोजा म्हणाली. "बैलांना आणलंय."

रायाजीनं हात सोडला. ती एकटी शिवेकडे निघाली. समोर तोफा, तोफांपाशी पेटत्या बत्त्या घेतलेले गोलंदाज. घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या अंगावर पडत होतं. मागं पावलं वाजली. ठकूबाई डोक्यावर हंडा घेऊन येत होती. "सून एकली गेली तर लोक मला नावं ठेवतील," ती धापा टाकत म्हणाली. तिच्या मागून पाटलीणबाई आली. मग शेजारीण. मग वेशीपासून ओढ्यापर्यंत बायकांची ओळ लागली, आणि ओळीच्या शेवटी, घागर खांद्यावर कशी धरतात ते माहीत नसलेला रायाजी.

पहिल्या तोफेशी गोजा थांबली. पाणी कशात ओतावं ते तिला सुचेना. समोरच्या गोलंदाजाच्या पाठीला ढाल होती. "ती द्या," ती म्हणाली. त्यानं बत्तीकडे पाहिलं, जमादाराकडे पाहिलं आणि ढाल काढून दिली. तिनं ती मातीत पालथी टाकून पाहिली, मग उताणी ठेवली, आणि तिच्यात पाणी ओतलं. बैलानं तोंड घातलं.

मग ढाली खाली यायला लागल्या. एकेक शिपाई पाठीवरची ढाल काढून मातीत उताणी ठेवायला लागला. असं म्हणतात, वरून उडणाऱ्या घारीला त्या दिवशी ओढ्याकाठी शंभर तळी दिसली. आणि असं म्हणतात, की गोजाची घागर एकदाही रिकामी झाली नाही. बायका मात्र सांगतात की त्यांच्या घागरी चांगल्या रिकाम्या होत होत्या आणि विहिरीच्या खेपांनी त्यांची कंबर मोडली. दोन्ही खरं असेल.

"बत्ती द्या!" जमादार ओरडत होता. "डागा! मी हुकूम देतोय!" गोलंदाजाच्या हातातली बत्ती बैलाच्या ओल्या तोंडाशी होती. त्यानं ती पाण्यात बुडवली.

शेवटच्या बैलाचं पाणी झालं तेव्हा गोजानं पदरानं हात पुसले. तिला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. पण त्या दिवशी ती बोलली आणि ते शेवटच्या घोडेस्वारापर्यंत ऐकू गेलं.

"आता हाका मारा. आपापल्याला."

मग लांबून कुठून तरी आवाज आला, "सुंद्या!" एक बैल उठून उभा राहिला. "मोत्या रे!" दुसरा उठला. मग सगळीकडून हाका यायला लागल्या. खिलाऱ्या, पाखऱ्या, हौशा, चांदणी, लाडी, गबऱ्या. ही नावं करंजवळात आजही ओवीसारखी म्हणतात. फौजेला हाका मारता येत होत्या, हे त्या फौजेलाच इतके दिवस ठाऊक नव्हतं. एकेक माणूस आपलं जनावर सोडत होता आणि ज्या दिशेला त्याचं गाव होतं त्या दिशेला तोंड करत होता. करंजवळकडे कुणाचंच तोंड नव्हतं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा ओढ्याकाठी फक्त तोफा राहिल्या. पुढं कित्येक वर्षं त्यांच्या तोंडात चिमण्या घरटी करायच्या.

जमादाराचा पांढरा घोडा अजून बसलेलाच होता. गोजा जमादाराला म्हणाली, "तुमीबी मारा की."

जमादारानं नुसता लगाम ओढला. घोड्याला घोडा म्हणण्याखेरीज त्यानं कधी काही म्हटलं नव्हतं. मागं उभ्या असलेल्या मोतद्दारानं, म्हणजे घोड्याला खरारा करणाऱ्या माणसानं, घाबरत घाबरत म्हटलं, "शेवंते." ती घोडी होती. ती उठली आणि मोतद्दाराच्या खांद्यावर मान टाकून निघून गेली. जमादार चालत गेला. तो वळून बघत नव्हता, असं म्हणतात. पण ठकूबाई मरेपर्यंत सांगायची की चार वेळा वळला, तिनं मोजलंय.

वरच्या फौजेनं दोन दिवस वाट पाहिली. लढायला समोर कुणी उरलं नाही म्हणताना तीही निघून गेली. पण लढाई संपली असं कुणी समजू नये. लढाई दुसऱ्या नदीवर गेली होती.

ती बातमी आली त्या दिवशी गोजानं उंटाच्या एका बाजूला तेलाचे बुधले बांधले आणि दुसऱ्या बाजूला कामट्या, पाला, जुनी लुगडी. उंटाला हाक मारायला कुणीच आलं नव्हतं, त्यामुळे कायद्यानं तो गावाचा झाला होता. मागून आणलेली धरून कोंडवाड्यात अजून सतरा जनावरं होती. ती रायाजीवर आणि सासूवर सोपवून ती निघाली. फाटकाशी थांबून म्हणाली, "आता हे लावू नका. मी तिकडून पाठवीन, ती जनावरं कंदीबी येतील. लढाई संपली की लावू."

"आन् आतली पळून गेली तर?" रायाजीनं विचारलं.

"ज्याला जायचंय त्याला जाऊ द्या. घरीच जाईल."

त्या काळी फौजा दसऱ्याला निघायच्या आणि पावसाळा लागला की छावणी करून बसायच्या. गोजाही तसंच करायला लागली. दसऱ्याला सोनं वाटलं की निघायची, आषाढात परत यायची. चार महिने संसार करायची, भांडी घासायची, सासूचं ऐकून घ्यायची, आणि परत दसऱ्याला उंट बाहेर काढायची. तिला दोन लेकी झाल्या, त्याही आषाढात, घरी परतल्यावर. कुठल्या कुठल्या रणावर ती दिसल्याचं लोक सांगत यायचे. दोन्हीकडून तोफा चालू असताना मधल्या रानातून उंट घेऊन एक बाई चालत गेली आणि तेवढा वेळ दोन्हीकडचे गोलंदाज थांबले. हुकूम नसताना. तिला लोक तेव्हाच गोजाक्का म्हणायला लागले.

एका वर्षी आषाढ आला आणि ती आली नाही. श्रावणात उंट तिच्यावाचून आला. बुधले रिकामे होते, सगळ्या कामट्या वापरून झाल्या होत्या, आणि त्याच्या मागून एकतीस जनावरं चालत आली होती. काही लंगडत, काही एका डोळ्यानं. सगळ्यांच्या जखमा बांधलेल्या होत्या. ती फाटकातून आत गेली आणि डोणीशी उभी राहिली. रायाजी तेव्हा रडला, असं म्हणतात. मग त्यानं डोण भरली.

ती मेली असं मात्र करंजवळात कुणी म्हणत नाही. "ती तिकडंच आहे," म्हणतात. कुठं, ते विचारलं तर म्हणतात, "जिथं धूर निघतोय तिथं."

आजही करंजवळच्या हद्दीत येणारा कुणीही असो, जनावरावरून खाली उतरतो आणि कोंडवाड्यापर्यंत पायी जातो. नवरदेव घोड्यावरून उतरतो. बैलगाडीवाला उतरतो, आणि आता मोटारसायकलवालेही उतरून गाडी ढकलत नेतात, वर त्याबद्दल कुरकुरतात. दसऱ्याला आपट्याचं पहिलं पान देवाला नाही, डोणीला वाहतात. प्रत्येक घराची डोण भरायची पाळी ठरलेली आहे. त्यात नवी सून असली तर पहिली पाळी तिची. नव्या लुगड्यात विहिरीवरून घागरी आणताना पोरी घामाघूम होतात, सासवा ओट्यावर बसून हसतात आणि मग उठून दुसरा हंडा उचलतात. भटकं कुत्रं, टाकून दिलेली म्हातारी गाय, मोटारीनं उडवलेलं गाढव, जे येईल ते आत राहतं. करंजाचं तेल संपू देत नाहीत.

आणि फाटक उघडं आहे. रेडिओ आला, मग टीव्ही आला, मग मोबाईल आला. पूर्वी चार कोसांवरच्या लढाया गावाला कळायच्या, आता नावं उच्चारता येत नाहीत अशा देशांतल्या कळतात. फाटकाच्या खालची माती चढत चढत पहिल्या आडव्या लाकडापर्यंत आली आहे. आता ते लावायचं म्हटलं तरी हलणार नाही.

मध्ये तालुक्याहून एक साहेब पाहणीला आले होते. शिवेवर खाली उतरावं लागलं, म्हणून आधीच रागावलेले. कोंडवाड्याची मोडकळीला आलेली मालमत्ता बघून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सरपंचबाईंना म्हणाले, "फाटक बसवून घ्या. सरकारकडून मंजूर करून देतो. बंद होत नाही म्हणजे काय?"

सरपंचबाई गोजाक्काच्या थोरल्या लेकीच्या वंशातल्या. त्या पाळीची घागर डोणीत ओतत होत्या. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबल्या.

"तुमी आधी लढाया बंद करून या, साहेब," त्या म्हणाल्या. "फाटक आमी त्याच दिवशी लावू."